दुसऱ्या सीडीचा शेवट

हेडफोन स्टँडवर आपटून जयसिंग खाडे काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"कुमुदबाई, हिरॉइनचा आवाज कोणाचा आहे हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आला असता?"

"नसतो आलो."

"म्हणूनच नाही सांगितलं. जा आत. आवाज नको म्हणून पंखा बंद केलाय, मी घामानं भिजलेय, आणि आपण अजून पहिल्याच सीनमध्ये अडकलोय."

तो हलला नाही. भिंतीवरच्या देवीच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. काचेपलीकडं पडद्यावर इंग्रजी पिक्चरमधली गोरी बाई बर्फात उभी होती, तोंड अर्धवट उघडं. मी टेप थांबवली होती ना.

"बायको आहे ती तुमची," मी म्हणाले. "भूत बघितल्यागत काय करताय?"

"बायको," तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. पण गेला आत. घरी चूल पेटायला काम लागतं, आणि त्या वर्षी शाळांच्या गॅदरिंगला नाटकं बसवण्यापलीकडं त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. एके काळी इचलकरंजीपासून बार्शीपर्यंत ज्याच्या नावावर तंबू भरायचा, तो माणूस.

हे व्हीसीडीच्या दिवसांतलं आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत नेमगोंडा पाटलांचं दुकान होतं, सगळे त्यांना नेमाण्णा म्हणत. लावण्या, भजनं, गोंधळ, सगळ्याच्या सीडी काढून विकायचे. एक दिवस कुठून तरी त्यांच्या डोक्यात शिरलं की जुने इंग्रजी पिक्चर मराठीत बोलवून घ्यायचे. "काळे-पांढरे, म्याडम. नाताळातल्या प्रेमाच्या गोष्टी. हक्क-बिक्क कधीच संपलेत, वकिलाला विचारलंय. आपल्याकडं मिरज-सांगलीपर्यंत ख्रिश्चन मंडळी किती आहेत बघा की. नाताळाला घरात काय बघायचं त्यांनी?" संवाद मराठीत लिहायचे आणि नटांकडून बोलवून घ्यायचे, हे माझं काम.

पहिलाच पिक्चर आम्ही घेतला, त्याला नेमाण्णांनी नाव दिलं 'नाताळची गाडी'. गोष्ट साधी. नाताळच्या आदल्या दिवशी बर्फामुळं आगगाडी एका आडगावच्या स्टेशनात अडकते. गाडीतून उतरतो पियानो दुरुस्त करणारा एक फिरता माणूस. गावात एक विधवा शिक्षिका. दोघं स्टेशनमास्तरच्या घरी सण काढतात, भांडतात, पियानो दुरुस्त होतो. मग बर्फ निघतं, गाडी सुटते. तो डब्याच्या दारात उभा राहून म्हणतो, एक शब्द बोला, मी उतरतो. ती बोलते आणि तो चालत्या गाडीतून उडी मारतो. संपला पिक्चर. हिरव्या पानांच्या झुबक्याखाली मुका घ्यायचा त्यांचा रिवाज आहे, तिथं नेमाण्णा कासावीस झाले. "हे सासू-सुनांनी एकत्र कसं बघायचं?" मी लिहिलं, 'तोरणाखाली आलात, आता सुटका नाही.' खूश झाले.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प, ब, म असली अक्षरं बोलताना माणसाचे ओठ मिटतात. पडद्यावरच्या बाईचे ओठ जिथं मिटतात तिथं मराठीतही असलंच अक्षर पडलं पाहिजे, नाहीतर बोलणं एकीकडं आणि तोंड एकीकडं. म्हणून आम्ही सगळे सारखं ओठांकडं बघायचो. शेवटच्या त्या एका शब्दाला तर मी एक अख्खी दुपार घालवली. तिचे ओठ आधी उघडे, मधे एकदा मिटतात, परत उघडतात. शेवटी सुचलं: 'थांबा.' चपखल बसलं.

आणि आमच्याकडं दोन नट कधी समोरासमोर बोलत नसत. माईक एकच, खोली एवढीशी. आधी एकानं येऊन आपलं सगळं बोलून जायचं, मग दुसऱ्यानं ते कानात ऐकत उत्तर द्यायचं. म्हणून तर हे जमलं. मालन सकाळी, जयसिंग दुपारनंतर. जिन्यातसुद्धा गाठ पडली नाही दोघांची.

मालन माझी बालमैत्रीण. गळा असा की एकदा ऐकला की माणूस घरी जाऊन गप्प बसायचा. ती आणि जयसिंग एकाच कंपनीत, एकाच नाटकात राजा-राणी, आणि घरीही. मग इचलकरंजीच्या एका प्रयोगानंतर कुणी एक मोठे कारखानदार आत आले आणि म्हणाले, मालनबाई, तुमच्या एकटीच्या गाण्यांची कॅसेट काढू. जयसिंग मिशा उतरवत होता. सगळ्यांसमोर तो आरशातूनच म्हणाला, "काढा की. गळा सोडला तर हिच्यात आहे काय?"

ती तोंडाला रंग तसाच ठेवून एसटी स्टँडवर गेली आणि शाहूपुरीत भावाकडं येऊन राहिली. कॅसेट काढली नाही. नवऱ्याकडंही गेली नाही. आणि तो गाढव न्यायला आला नाही. सोडलं नाही, धरलं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

स्टुडिओच्या खाली नेमाण्णांच्या चुलतभावाचं मिरची कांडप होतं. बारा महिने तिखट कुटायचं काम. खिडक्या कितीही लावा, वर येणारा प्रत्येक माणूस खोकायचा, शिंकायचा, डोळे पुसायचा. मालन वर्षभर तिथं भजनं म्हणत होती आणि वर्षभर खोकत होती. आवाज बसायचा, आम्ही म्हणायचो, मिरची. घोगरा यायचा, मिरची. मी आलं-मध घेऊन जायचे, तीही हसून खायची. आमच्यात कुणालाच दुसरं काही सुचलं नाही, तिलाही नाही.

पिक्चरचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती माझ्या घरी आली. मी कणीक मळत होते.

"कुमे, ते मिरचीचं नाहीय," ती म्हणाली.

"काय मिरचीचं नाहीय?"

तिनं गळ्यावर हात ठेवला. मग सगळं सांगितलं. मिरजेला तपासून आली होती. तुळशीची लग्नं उरकली की ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार. गळ्याला भोक, श्वास तिथनं. जगायचं असेल तर दुसरा इलाज नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं.

माझे हात पिठातच राहिले. रडू आलं, तर तीच मला रागावली. "गप गं. रडायला नंतर आहेच की वेळ. मला तो पिक्चर करू दे. आवाज जायचाच आहे, तर कुठंतरी राहू दे थोडा."

"अगं, पण हिरो..."

"माहीत आहे कोण आहे हिरो. नेमाण्णा बोलले. सकाळी मला बोलव, नंतर त्यांना." मग तिनं माझं मनगट धरलं, पिठासकट. "आणि ऑपरेशन होईस्तवर त्यांना यातलं काही कळता कामा नये. अंबाबाईची शपथ घे. गळा सोडला तर काय आहे म्हणाले होते ना? आता गळाच चाललाय. तो चालला असताना त्यांनी समोर बसून बघू नये. एवढंच मागते."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार?

तर जयसिंग आत गेला आणि बोलायला लागला. पहिले काही दिवस नुसतं दगडावर दगड आपटल्यासारखं. तिचं वाक्य संपायच्या आत याचं सुरू. आणि मधेच टोमणे. "तंबाखू धरलीय काय हिनं? आवाज बघा कसा झालाय."

"खाली मिरची कुटतायत."

"मिरची आम्हालाही आहे की."

मी जीभ चावून बसायचे. असं वाटायचं की उठावं आणि त्या हेडफोनच्या वायरनंच त्याला बडवावं.

पण मग हळूहळू काहीतरी बदललं. पियानोपाशी भांडणाचा सीन होता. ती म्हणते, 'तुम्हाला सगळ्या गावाचे सूर लावता येतात, घरातलं काही ऐकू येत नाही.' मूळ इंग्रजीत हे असंच होतं हो, मी माझ्या पदरचं काही घातलं नाही. जयसिंग उत्तर द्यायला विसरला. पडद्यावरचा माणूस तोंड हलवत राहिला.

"परत लावा," तो म्हणाला.

लावलं.

"परत."

"अहो, तुमचं बोला की आता."

"इथं ती श्वास चोरतेय," तो म्हणाला. "वाक्याच्या मधे. पूर्वी असलं करायची नाही. तीन वाक्यं एका दमात टाकायची." मग माझ्याकडं बघून, "बरी आहे ना ती?"

"बरीच असणार. मला काय माहीत?" मी म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "तिला द्या. घशाला बरं असतं. माझं नाव नको." सकाळी मी ती मालनला दिली. तिनं पुडी नाकाशी नेली आणि म्हणाली, "यांच्या खिशातली आहे. विडीचा वास येतोय."  मग काडी दाताखाली धरून सगळं काम केलं तिनं त्या दिवशी, आणि शेवटची काडी पदराच्या टोकाला बांधून घरी नेली.

शेवटचा सीन तेवढा राहिला. तोवर तिचा आवाज फारच उतरला होता, दोन वाक्यं बोलली की टेकायची. ती म्हणाली, "कुमे, हा सीन उलटा कर. आधी त्यांचं घे. सगळा पिक्चर मी भिंतीशी बोलतेय. एकदा मला ऐकायचंय, ते मला काय म्हणतात."

मी केलं. जयसिंगला सांगितलं, आज तुम्ही आधी. तो कुरकुरला नाही. गाडीच्या दारातला माणूस वाकला आणि जयसिंग म्हणाला, "एक शब्द बोला. फक्त एक. मी उतरतो." एकदाच म्हणाला, दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही. मग हेडफोन काढून तसाच बसून राहिला. जाताना विचारलं, "उद्या ती येणार ना हे ऐकायला?" मी म्हटलं, येणार.

सकाळी मालन आली. कानाला लावून बसली. मी त्याचं वाक्य लावलं. तिनं बोटानं खूण केली, परत. परत लावलं. परत. मग डोळे पुसले आणि मान हलवली, आता घे.

लाल दिवा लागला. पडद्यावर गाडी हलली. त्या बाईचे ओठ उघडले, मालनचेही उघडले, मधे मिटले, उघडले.

काही आलं नाही.

मला वाटलं माझ्याच यंत्रात बिघाड आहे. बटणं दाबली, वायरी हलवल्या. परत घेतलं. नुसती हवा. गरम पाणी दिलं, पाठ चोळली, खिडकीतून खाली ओरडले की थोडा वेळ ते कांडप बंद करा रे मेल्यांनो. कांडप बंद झालं. इतकी शांतता त्या खोलीत कधी नव्हती. तिनं पुन्हा तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि पुन्हा हवाच. आदल्या संध्याकाळी भावाशी बोलली होती, तेच शेवटचं.

ती हसली. आवाजाशिवाय हसू कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी रडत होते आणि ती माझ्या पाठीवर थोपटत होती. डॉक्टरांनी मग तुळशीच्या लग्नाचीही वाट बघितली नाही.

नेमाण्णांना घाई. "म्याडम, एकच शब्द राहिलाय. तुम्हीच म्हणा की. थांबा! झालं."

माझा आवाज वाईट नाही. मी गेले आत, उभी राहिले, जयसिंगचं वाक्य कानात आलं, आणि मला नाही जमलं. त्याला उत्तर देणारी मी कोण? मी मालनचा तो श्वास तसाच ठेवला आणि टेप पाठवून दिली. नेमाण्णांनी पहिली सीडी नीट बघितली, दुसरीचा शेवट बघायला त्यांना सवड झाली नाही.

नाताळच्या आधी 'नाताळची गाडी' दुकानात लागली. दोन सीडी, डब्यावर बर्फ, आत शुभेच्छा. खपलीही बरी. आणि सण झाल्यावर लोक डबे घेऊन परत यायला लागले. "दुसऱ्या सीडीत शेवटी आवाज जातो." एक चोपडेबाई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या, त्या तर खुर्ची ओढून बसल्या. "अहो, सगळं घर बसलं होतं. ती नुसते ओठ हलवते आणि हा उडी मारतो. काय ऐकून मारतो?" नेमाण्णा माझ्यावर ओरडत होते, मी ऐकून घेत होते.

तेवढ्यात जयसिंग आला. त्याच्या हातात डबा होता. त्यानं तो विकत घेतला होता, आणि शेजाऱ्याकडं जाऊन बघितला होता.

"तिचा शब्द का कापलात?" तो म्हणाला. दुकानात माणसं होती, त्याला फिकीर नव्हती. "मी म्हणतोय एक शब्द बोला, आणि ती गप्प. ती म्हणाली असणार. कापलात तुम्ही."

"कापला नाही. जे होतं ते ठेवलंय."

"म्हणजे? बोलायचीच नव्हती तर आली कशाला?"

ऑपरेशन होऊन गेलं होतं. शपथ तिथवरचीच होती. मी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि सांगितलं, पहिल्यापासून. ज्येष्ठमधाचं सांगितलं, इचलकरंजीतलं त्याचं ते वाक्य तिला अजून टोचतं, तेही सांगितलं. तो सीडींच्या खोक्यावर खाली बसला. मग म्हणाला, "श्वास चोरत होती. मी म्हणालो होतो तुम्हाला."

"म्हणाला होता."

"कुठं आहे?"

जखम भरायला वेळ लागत होता, ती अजून मिरजेलाच होती. आम्ही एसटीनं गेलो.  बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट, गळ्याला पांढरी पट्टी, त्यातून नळी. शेजारी तिचा भाऊ दत्ताजी मोसंबं सोलत होता. मालननं आधी मला बघितलं, मग माझ्या मागं त्याला. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता आपली मैत्री संपली.

मग तिचे ओठ हलले. त्याच्याकडं बघून, सावकाश.

आणि जयसिंग बोलायला लागला. सवयच ती. ओठ हलताना दिसले की शब्द आपल्या तोंडातून काढायचा, हाच धंदा केला होता त्यानं. शिवाय संसार केलेला, तिचं तोंड त्याला पाठ. तो त्याच्या त्या भरदार आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, म्हणाला, "आता बघा. गळा गेला. आता काय आहे माझ्यात?"

शेवटच्या शब्दाला त्याला कळलं आपण काय म्हणतोय. बाजूच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या. तो तिथंच खाटेच्या कडेला हात टेकून वाकला. एवढा मोठा माणूस, त्याच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला, तो मला आजही आठवायला नको वाटतो.

मालननं भिंतीकडं तोंड फिरवलं. आता तिचं काही ऐकायचं तर तोंड दिसायला हवं. तो खाटेला वळसा घालून पलीकडं गेला, भिंत आणि खाट यांच्यामधे अंग चोरून उभा राहिला. तिनं या बाजूला तोंड केलं. तो परत या बाजूला आला. ती परत भिंतीकडं. तो परत निघाला.

"दाजी, अहो बसा की एका जागी," दत्ताजी म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

मालन दमली असावी. उशीवर डोकं सरळ ठेवून छताकडं बघत राहिली. मग ओठ हलले. जयसिंग बोलला, या वेळी हळू. "चक्कर येईल. बसा."

तो बसला.

मालन घरी आली, आणि त्यानंतर तोही शाहूपुरीतच राहिला, दत्ताजीच्या पुढच्या खोलीत. तिनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मंडईत दोघं बरोबर जायची. ही मेथीची जुडी उलटीपालटी करून ओठ हलवायची आणि हा नाटकातल्या राजाच्या आवाजात म्हणायचा, "एवढ्याला? सोनं लावलंय काय पानाला?" माळणी पोट धरून हसायच्या. मीही हसायचे. एकदा मी तिला विचारलं, त्याच्यादेखत, "केलंस काय गं माफ?" ती बोलली आणि त्यानं एक अक्षर न बदलता मला सांगितलं, "माफ-बिफ काही केलेलं नाही." आणि तिच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवली.

पुढच्या नाताळाला नेमाण्णांना 'नाताळची गाडी' परत काढायची होती, शेवट दुरुस्त करून. जयसिंगनं त्यांना सांगितलं, आहे तसाच राहू द्या. तोवर मालनचं दुखणं परत उलटलं होतं आणि या वेळी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

मी शेवटची गेले ती दुपारची वेळ होती. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. अंगाचं नुसतं पोतेरं झालेलं, पण डोळे जाग्यावर होते. सकाळपासून जयसिंग उशाशी बसून होता, अंगावर कालचाच सदरा. दत्ताजी दारातून म्हणाला, "दाजी, जरा हात-पाय धुऊन दोन घास खाऊन घ्या. बाई आहेत इथं." तो उठला. दारापर्यंत गेला असेल, मालननं चादरीवर हात आपटला. तो वळला. तिचे ओठ हलले.

या वेळी तो काही बोलला नाही. नुसता बघत उभा राहिला.

"काय म्हणाली?" दत्ताजीनं विचारलं.

"पाणी मागतेय," जयसिंग म्हणाला आणि येऊन परत तिच्या उशाशी बसला.

पाणी म्हणताना ओठ सुरुवातीलाच मिटतात. मालनचे आधी उघडे होते, मधे मिटले. मी खाटेच्या पायथ्याशीच होते, मला दिसले. तरी मी उठले आणि तांब्या भरून आणला.